जर्मन शिकताना डोक्यात मराठी ठेवायची की इंग्रजी?

अडाणी_पंत:
लाइपझिगला येऊन दीड वर्ष झालं, बी१ (जर्मनची मधली पातळी) चालू आहे आणि माझं ठाम मत झालंय की आपण मराठी माणसं जर्मन उगाचच इंग्रजीतून शिकतो. पहिल्या उन्हाळ्यात मी भर वर्गात 'इश बिन हाइस' म्हणालो, डोक्यात आय ॲम हॉट होतं ना, तर बाईंना हसू आवरेना कारण त्याचा अर्थ भलताच चावट होतो. बरोबर काय, तर 'मीर इस्ट हाइस'. मला उकडतंय! मीर म्हणजे मला, सरळ आपल्यासारखंच. तसंच इंग्रजी 'know'चं, तिथे एकच शब्द, पण जर्मनमध्ये आपल्यासारखे वेगवेगळे. माणसाला ओळखणं केनन, माहीत असणं विसन, आणि मला जर्मन येतं म्हणजे इश कान डॉइच. आकडे पण बघा, एकवीस म्हणजे आइन-उंड-त्स्वान्त्सिश, आधी एक मग वीस.

बाभळीचं_झाड:
जिथे जमतं तेवढंच सांगताय पंत. मी ऑफिसच्या पार्टीत कॉलेजच्या मित्राची ओळख 'डास इस्ट माइन फ्रॉइन्ट' अशी करून दिली, माझा मित्र म्हणून, आणि सोमवारी सगळे विचारायला लागले लग्न कधी. 'आइन फ्रॉइन्ट फोन मीर' म्हणायचं असतं. ही चूक शुद्ध मराठीतून झाली. आणि आपलं तुम्ही एकाला आदराने चालतं नि दहा जणांनाही चालतं, तिथे मात्र ओळखीच्या अनेकांना ईर वेगळं आणि आदराचं झी वेगळं. दोन मैत्रिणींना मिळून झी म्हटलं तर त्यांना वाटलं मी रुसले.

अडाणी_पंत:
अहो पण अरेतुरे करणं म्हणजे डुत्सन, अहोजाहो करणं म्हणजे झीत्सन, हे इंग्रजीतून समजावून दाखवा बरं.

म्यूनिकची_मावशी:
शब्द जुळतात हो, माणसं जुळत नाहीत. सफाईला येणाऱ्या बाईंना किंवा बेकरीतल्या विशीतल्या पोरीला आपल्याकडे सहज तू जातं, इथे अनोळखी मोठ्या माणसाला झी म्हणजे झीच (आणि खरं तर आपल्याकडेही ते बरं दिसत नाही, पण असो). उलट माझी जर्मन सून मला पहिल्या महिन्यापासून डू (म्हणजे तू) म्हणते, मीच सांगितलं होतं म्हणा, तरी सवय व्हायला वर्ष गेलं. मराठीत 'दोन पाव द्या' यात काही उद्धट नाही, पण 'गेबन झी मीर' (मला द्या) ऐकलं की काउंटरवर हुकूम सोडल्यासारखं वाटतं. 'इश हेटे गेर्न त्स्वाय झेमल्न' (मला दोन पाव हवे होते) म्हणा. आणि कुणी चहा विचारला तर नुसतं डांके (धन्यवाद) म्हणू नका, ते नको समजून किटली परत नेतात. हवा असेल तर 'या, गेर्ने', म्हणजे हो, आनंदाने.

अडाणी_पंत:
डांकेवर मी पण एकदा उपाशी राहिलोय, मान्य. पण वेळेचं काय? हाल्ब ड्राय म्हणजे अडीच, आणि अडीच हा शब्द आलाय संस्कृत अर्धतृतीयवरून, म्हणजे तिसरा अर्धा, हुबेहूब जर्मन! लंडनहून आलेला आमचा एकजण हाफ थ्री समजून साडेतीनला उगवला. इकडे तर ड्रायफिर्टल ड्राय पण म्हणतात, पावणेतीन.

बाभळीचं_झाड:
आणि साडेतीनला काय म्हणतात? हाल्ब फीर! आपलं साडे मागच्या आकड्यावर चढतं, जर्मन हाल्ब पुढच्याकडे बघतं. हाल्ब झीबन ऐकून मी साडेसात धरले आणि थिएटरवर पोचले तर सिनेमा सुरू होऊन तास झाला होता. दीड आणि अडीच सोडले तर तुमची मराठी बुडवते.

म्यूनिकची_मावशी:
आमच्या इथे फिर्टल ड्राय म्हणजे सव्वादोन. इतकी वर्षं झाली, मी अजून 'फीर्त्सेन ऊर फ्युन्फत्सेन?' (१४ वाजून १५?) असं रेल्वेसारखं विचारून खात्री करते.

अडाणी_पंत:
बरं, घड्याळ सोडा. डॉख घ्या. कुणी विचारलं 'कोम्स्ट डू निश्ट?' (येत नाहीस का?) तर नुसतं 'या', म्हणजे हो, म्हणून भागत नाही, डॉख म्हणावं लागतं. इंग्रजीवाले यात महिनोन् महिने अडकतात. आपण काय म्हणतो, येतोय की! तो 'की' म्हणजेच डॉख.

बाभळीचं_झाड:
डॉख एकटा उत्तर म्हणून चालतो पंत. 'येणार नाहीस का?' असं कुणी विचारल्यावर तुम्ही नुसतं 'की' म्हणून दाखवा.