बालगृहात तपासणीला चाललोय, सोबत काय न्यावं?

राजारामपुरीची_पोर:
नमस्कार. मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. येत्या रविवारी आम्ही नऊजण, एक डॉक्टर सर धरून, गगनबावड्याकडच्या एका बालगृहात तपासणीला जातोय. बेचाळीस मुलं, सहा ते सोळा वयाची. वजन-उंची, डोळे, दात, हिमोग्लोबिन एवढं ठरलंय. वर्गणी साडेसहा हजार जमली, त्यातून टॉनिकच्या बाटल्या आणि जंताच्या गोळ्या घ्याव्यात म्हणतोय. आणखी काय? पहिल्यांदाच चाललेय, धाकधूक आहे.

सिस्टरमावशी:
बाळ, टॉनिक राहू दे. एकतीस वर्षं दवाखान्यात काढून सांगते. आधी अधीक्षकांना फोन कर, मुलांची आरोग्य कार्डं काढून ठेवायला सांग. जंताची गोळी सरकारतर्फे फेब्रुवारीत नि ऑगस्टमध्ये देतातच, तुम्ही आणखी एक कशाला देताय?

तयारी कर ती खरजेची. पावसाळा, एक हॉल, लागून लागून गाद्या. "कुणाला खाज सुटते?" असं सगळ्यांसमोर विचारू नको. मी पहिल्या शिबिरात विचारलं, तर सगळी पोरं चिडीचूप. मग नखं कापायला बसवली. नेलकटर घेतलं की बोटांच्या बेचक्या आपसूक समोर येतात. एक पोरगा मूठच उघडेना. शेवटी करंगळी तेवढी दिली. बेचक्यात बारीक पुरळ, खाजवून रक्ताळलेलं.

एकाला निघाली तरी सरांना विचारून सगळ्यांना एकाच रात्री मलम लावायचं, सांभाळणाऱ्या ताईंनासुद्धा. परमेथ्रिन ५ टक्के. मानेपासून तळपायापर्यंत, बेंबीत, नखांच्या कडेला, सकाळी आंघोळ. मोठ्या मुलाला ३० ग्रॅमची अख्खी ट्यूब लागते. आणि आठवड्याने पुन्हा तेच. तुमची वर्गणी त्यातच जाईल, वर दुसरा रविवार द्यावा लागेल. मी तेव्हा तो दुसरा रविवार दिला नव्हता. दिवाळीत गेले तर तोच पोरगा, तीच करंगळी.

तिकटीवरचा_केमिस्ट:
मावशी बरोबर बोलल्या. फक्त चादरी धुऊन उन्हात टाका म्हणतात ते गगनबावड्याच्या पावसात कसं जमायचं ओ? कपडे-चादरी प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून चार दिवस ठेवा, अंगाबाहेर खरजेचा किडा तेवढा टिकत नाही. मलमानंतरही खाज दोन-तीन आठवडे राहते हे ताईंना सांगा, नाहीतर रोज चोपडत बसतील. आणि स्टिरॉइडवाली मिक्स मलमं अजिबात नको. नायट्याला आधी बरं वाटतंय, मग लई पसरतंय.

लेथवाला:
मी नऊ वर्षं अशाच बालगृहात होतो, आता शिरोलीला कामाला आहे. फोटो काढू नका. बालन्याय कायदा २०१५, कलम ७४: मुलाची ओळख उघड होईल असं काही छापायला बंदी आहे, दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण कायदा राहू दे. बनियनवर रांगेत उभं असताना कुणी मोबाईल धरला की कसं वाटतं ते मला विचारा. मुलींची तपासणी वेगळ्या खोलीत करा.

डोळे तपासताय तर चष्म्याचंही बघा. आमचे डोळे तीनदा तपासले, चष्मा एकदाच आला. चॉकलेटं वाटणाऱ्यांपैकी एकाचं तोंड आठवत नाही. चष्मा आणून देणाऱ्या काकांची स्कूटरसुद्धा आठवते, हिरवी, किक मारून मारून चालू व्हायची.

राजारामपुरीची_पोर:
टॉनिक रद्द. अधीक्षक कार्डं काढून ठेवतायत. दुसऱ्या रविवारी आमच्यातले पाचच जण येऊ शकतात, परीक्षा आहे. पण मलम रात्री लावायचं आणि आमची गाडी चारला निघणार. लावणार कोण?

सिस्टरमावशी:
मोठी एकमेकांच्या पाठीला लावतात, धाकट्यांना ताई. निघायच्या आधी तू स्वतःच्या हाताला लावून दाखव, बोटांच्या मध्ये कसं घालायचं ते. आणि नेलकटर सहा-सात ने. दर मुलामागे स्पिरिटनं पुसायचं म्हटल्यावर एकानं बेचाळीस जणांचं होत नाही.