चूल, खिचडी अन् हेडमास्तरकी

सकाळची शाळा: काल एका गुरुजींनी इथे लिहिलं, "बायांनी मुख्याध्यापकपद घेऊ नये. घरची चूल करपते अन् शाळेची खिचडीही." रात्रभर डोक्यात तेच होतं. यवतमाळ जिल्ह्यात पहिली ते सातवीची शाळा सांभाळते मी. पहाटे साडेचारला उठून सासूबाईंची भाकर, लेकीचा डबा. दुपारी खिचडीची चव आधी मी घेते, मग पोरं जेवतात. गावात दिवसा नेट नसतं, म्हणून यू-डायस, म्हणजे शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती, रात्री घरी भरते. माझ्याआधीच्या सरांना कुणी विचारलं होतं का, घरी भाजी कोण चिरतं?

गोंडपिपरीकर पालक: ताई, राग नको. पण आमच्या मॅडमचा डोळा चारच्या एसटीवर. मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावात, राहत नाहीत, घरभाडं भत्ता मात्र उचलतात.

अंजनगावची लेक: अप-डाऊन काय फक्त बायाच करतात? मी दोन वर्षं राहिले गावात. अर्ध्या खोलीत घरमालकाचा कापूस, पोराच्या अंगभर खाज. संडास नव्हता. तुमच्या गावात बरी खोली असेल तर दाखवा, मग बोला!

गोंडपिपरीकर पालक: खोली नाही तर भत्ता घेऊ नका. आमची पोरं वाऱ्यावर सोडायची का?

निवृत्त केंद्रप्रमुख: घरभाड्याचं दळण पुरे. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंतच्या शाळेत पट १५० च्या वर असेल तरच वेगळा मुख्याध्यापक. आपल्याकडे पट तीस-चाळीस, म्हणजे नुसता प्रभार. वर्गही शिकवा, हिशेबही लिहा. माझ्या केंद्रात तीन मास्तरांनी प्रभार नाकारला, शेवटी तो एका बाईंच्या गळ्यात पडला. त्यांचं मूल तेव्हा दीड वर्षाचं होतं.

दारव्हेकर: माही बायको हेडमास्तरीन हाय. २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजा हाय. पोराले टायफाइड झाला तवा तिनं मागतली, त वरून इचारलं, चार्ज कोनाले देता? कोनीच घेतला नाही. मंग मीच आठ दिवस पोराजोळ बसलो. ते रोज काय करते, मले तवा समजलं.

गोंडपिपरीकर पालक: बरं, रजेचं पटलं. चार्जचंही. पण शाळा सुटायच्या आत निघणं मला कधीच पटणार नाही.

सकाळची शाळा: मलाही नाही पटत. मी शेवटचं पोर गेल्यावर कुलूप लावते. पण चारनंतर तुमच्या गावाहून एसटी आहे का? वेळ बदला म्हणून तुमच्या व्यवस्थापन समितीनं आगारात एक तरी अर्ज दिला?

गोंडपिपरीकर पालक: नाही दिला. सोमवारी देतो. घरभाड्याचा मुद्दा मात्र सोडला नाही.