मामांचा आठ टक्के हिस्सा अडचण नाही

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत तुमच्या मामांचा हिस्सा तीस टक्के होता, बाकी तिघा भागीदारांनी नवे शेअर्स आपापसात वाटून तो आठवर आणला, आणि आता 'दहा टक्क्यांखाली गेलात, तक्रारच करता येणार नाही' असं मामांना सांगितलं जातंय. हे वाचून फार वाईट वाटलं, कारण ते चुकीचं आहे.

कंपनी कायदा २०१३ चं कलम २४४ बघा, अशी तक्रार कोण करू शकतं ते त्यात आहे. भांडवलाचा दहावा भाग ही एक वाट झाली. दुसरी वाट सभासदांच्या, म्हणजे शेअरधारकांच्या, संख्येची: एकूण सभासदांपैकी एक दशांश. चार सभासदांत मामा एकटे पुरेसे आहेत, फक्त त्यांच्या शेअर्सवर देणं झालेले सगळे पैसे भरलेले हवेत.

वर एकांनी बेळगावच्या दिवाणी कोर्टात दावा लावा म्हटलंय, तिथे मात्र कलम ४३० आडवं येतं: जे प्रकरण कंपनी लवादाचं, ते दिवाणी कोर्टाला घेता येत नाही. कलम २४१ चा, म्हणजे सभासदावरच्या अन्यायाचा, अर्ज कंपनी लवादाकडे, म्हणजे एनसीएलटीच्या बेंगळुरू पीठाकडे जाईल. (नोंदणीकृत कार्यालय महाराष्ट्रातल्या शिनोळीत असेल तर मुंबईला, कारखाना बेळगावात असला तरी.)

पण दादा, आधी कागद जमवा. एमसीए (केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या) पोर्टलवर फी भरून कंपनीचा पास-३, म्हणजे शेअर वाटपाचा फॉर्म, काढा. शेअर्स कधी, कुणाला, काय भावानं दिले ते त्यात दिसतं. मग मामांना विचारा, कलम ६२ प्रमाणे नवे शेअर्स आधी जुन्या सभासदांना देऊ करायचे असतात, त्या ऑफरचं पत्र त्यांना आलं होतं का? पत्रच नसेल तर बाजू भक्कम आहे. लवाद वाटप रद्द करू शकतो, नाहीतर मामांचा हिस्सा विकत घ्यायला लावू शकतो. तोवर समोरून आलेल्या कुठल्याही कागदावर त्यांना सही करू देऊ नका.