मदत हवी आहे: संशोधनासाठी जमवलेले पैसे कसे पाठवावेत?

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगाव-शहापूरच्या बायका. माझी धाकटी जाऊ गेल्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरनं गेली. काखेजवळची गाठ तिनं आठ महिने कुणाला सांगितली नाही. साडी बदलताना दार लावून घ्यायची, ते आता आठवतं.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण न लुटता आम्ही डबा ठेवला. खानापूर, निपाणीच्या माहेरवाशिणींनीही घातले. दहा-दहाच्या नोटा धरून ४३,६०० रुपये झालेत.

हे पैसे संशोधनालाच जावेत, अशी सगळ्यांची इच्छा आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलनं दीड लाख बायकांना घेऊन २० वर्षं अभ्यास केला. त्यातल्या निम्म्यांना शिकवून तयार केलेल्या सेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासलं. पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले! मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) कुठली आणायची आमच्या खेड्यांत? आम्हाला असलंच संशोधन हवं.

देणगी देताना ‘फक्त स्तनाच्या कॅन्सरच्या संशोधनासाठी’ असं लेखी घालता येतं का? कुणी घातलंय का? देणगीवरच्या करसवलतीला (८०जी) २,००० रुपयांवरची रोख चालत नाही, म्हणून बँकेतून पाठवायचंय. पण आमच्या मंडळाची नोंदणी नाही, खातंही नाही. एकीच्या खात्यातून पाठवलं तर पावती तिच्याच नावावर येणार. बाकीच्यांना हिशेब कसा दाखवावा?

आणखी एक. ऑक्टोबरात पुन्हा डबा फिरवणार आहोत, पत्रक मराठी-कन्नड दोन्हीत हवं. ‘गाठ दुखत नसली तरी दाखवा’ हे आमच्या शेजारणींना पटेल अशा साध्या कन्नडमध्ये कुणी लिहून द्याल का?