न्गोरोंगोरो आणि सेरेंगेटी: कुरण एक, मग तिकिटं दोन का?

पायवाट
टांझानियात आरुशाहून सेरेंगेटीला जाणारा रस्ता न्गोरोंगोरोतूनच जातो. गवत तेच, जनावरं तीच. मग फी दोनदा का? आणि एकीकडे मसाई पशुपालकांची गुरं चरतात, दुसरीकडे बंदी, हे कसं? फेब्रुवारीत जायचा विचार आहे.

जुना_नकाशा
१९५१ मध्ये दोन्ही मिळून एकच राष्ट्रीय उद्यान होतं. मसाईंच्या चराईवर आणि शेतीवर बंधनं आली, तंटा वाढला. शेवटी १९५९ मध्ये इंग्रज सरकारने वाटणी केली: पश्चिमेकडे माणसांविना सेरेंगेटी, पूर्वेला ८,००० चौ. किमी.हून मोठं न्गोरोंगोरो, जिथे माणसं, गुरं आणि वन्यप्राणी एकत्र राहतील असं ठरलं. पुढे १९७४ मध्ये न्गोरोंगोरोतल्या जुन्या ज्वालामुखीच्या विवराच्या तळातल्या मसाई वस्त्या उठवल्या, पाठोपाठ शेतीवरही बंदी आली. सहजीवनाचं कौतुक खूप होतं, पण दर वेळी माघार मसाईंनीच घेतली.

राखमाती
जनावरांना ही हद्द ठाऊक नाही. हद्दीलगतच्या मैदानावर ज्वालामुखीची राख पसरलेली आहे. तिच्यातला चुना पावसाने खाली झिरपून कडक थर झालाय. झाडांची मुळं तो भेदू शकत नाहीत, म्हणून नुसतं आखूड गवत. पण त्या गवतात कॅल्शियम, फॉस्फरस भरपूर, दुभत्या माद्यांना हवंच. म्हणून वाइल्डबीस्ट (कळपाने स्थलांतर करणारी मोठी हरणं) जानेवारी ते मार्चमध्ये इथे वितात. फेब्रुवारीत जाताय तर मुक्काम न्डुटूला ठेवा. हा याच मैदानावरचा भाग न्गोरोंगोरोच्या हद्दीत आहे. उत्तर सेरेंगेटीत हॉटेल घेतलंत तर कळप सापडणार नाहीत; नेमकी हीच चूक बरेच जण करतात.

जुना_नकाशा
फीचं म्हणाल तर दोन्हींची प्रशासनं वेगळी. न्गोरोंगोरोतून नुसतं पार व्हायलाही प्रवेश फी पडते, परतताना पुन्हा. परवाने २४ तासांचे, तेव्हा न्गोरोंगोरोचं लोडुआरे आणि सेरेंगेटीचं नाबी हिल या गेटच्या वेळा जुळवूनच दिवस आखा. विवरात उतरायला गाडीमागे आणखी पैसे, आणि फोर बाय फोरच लागते. सेनेटोच्या रस्त्याने उतरायचं, लेराईने वर यायचं, दोन्ही एकेरी.

पायवाट
विवरात जिराफ दिसतील?

राखमाती
नाही. कडा सुमारे ६०० मीटर उंच आणि उभा, तळाच्या २६० चौ. किमी.त त्यांच्या चाऱ्याची झाडंही मोजकीच. हत्ती दिसतील, पण बहुतेक नरच. माद्या-पिल्लांचे कळप कड्यावरच्या जंगलात असतात. जिराफ न्डुटूच्या बाभळीत बघा.