प्रतिसाद: मिलान-बोलोन्याच्या गर्दीत वारेझे राहून गेलं

वर कुणीतरी म्हटलंय की इटालियन बास्केटबॉल म्हणजे मिलान आणि बोलोन्या, बाकी सगळा किरकोळ मामला. अहो, मग वारेझेचं काय? मिलानच्या उत्तरेला, स्विस सीमेजवळचं छोटं शहर. तिथल्या क्लबाने १९७० ते १९७९ सलग दहा वर्षं युरोपियन चॅम्पियन्स कपची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेची, अंतिम फेरी गाठली! त्यातल्या पाच जिंकल्या: १९७०, ७२, ७३, ७५ आणि ७६. १९७७ची मक्काबी तेल अवीवविरुद्धची तर एका गुणाने गेली, ७८-७७. चुटपुट लावणारा निकाल.

क्लब १९४५चा. पैसा आला तो फ्रिजमधून. जोव्हान्नी बोर्गी यांची 'इग्निस' कंपनी घरगुती उपकरणं बनवायची आणि खेळाडूंच्या छातीवर तेच नाव असायचं. प्रशिक्षक आत्सा निकोलिच, मैदानात दीनो मेनेगिन, बॉब मोर्स आणि मेक्सिकोचा मानुएल रागा. रागा आणि मेनेगिन या दोघांनाही १९७०मध्ये एनबीए या अमेरिकन लीगमधल्या अटलांटा हॉक्सने ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडायच्या वार्षिक फेरीत) निवडलं होतं, पण दोघंही तिथे कधी खेळले नाहीत. (तेव्हा गेले असते तर वारेझेचा कारभारच आटोपला असता, असं माझं मत.)

ऐंशीच्या दशकात मेनेगिन मिलानला गेला आणि तिथेही दोनदा युरोप जिंकला. म्हणजे तुमच्या मिलानच्या वैभवातही वारेझेचा वाटा आहेच की! वारेझेला मात्र दहाव्या राष्ट्रीय विजेतेपदासाठी १९९९ उजाडावं लागलं. त्या संघात दीनोचा मुलगा आंद्रेआ होता.