वळिवडे कॅम्पच्या पत्रातला बॉम्बर वैमानिक : माहिती कुठून काढायची?

बावडेकर_क

कोल्हापूरजवळच्या वळिवडेच्या पोलिश निर्वासितांच्या कॅम्पवर (1943-48) छोटं प्रदर्शन लावायचं चाललंय. एका फलकासाठी पत्राची झेरॉक्स आणि तिचं भाषांतर मिळालंय. कॅम्पातल्या एका बाईला कळवलंय की तिचा नवरा 300 नंबरच्या पोलिश बॉम्बर स्क्वाड्रनमध्ये वैमानिक होता, जून 1944 मध्ये रात्रीच्या कामगिरीवरून त्याचं विमान परतलं नाही, तो बेपत्ता आहे. इंग्लंडमधल्या रनीमीडच्या हवाई सैनिकांच्या स्मारकाच्या यादीत बाईचं आडनाव घालून शोधलं, काहीच आलं नाही. पुढं कसं जायचं? आणि फलकावर ‘शहीद’ लिहिलं तर चालेल का?

जुनी_दप्तरं

दोन ठिकाणी गाडी अडली आहे.

पहिलं, आडनाव. पोलिशमध्ये बाईचं आडनाव ‘-स्का’, तर पुरुषाचं ‘-स्की’. कॅम्पच्या नोंदीत कोवाल्स्का असेल, तर हवाई दलात कोवाल्स्की शोधायचा. शिवाय एल अक्षरावर तिरकी रेघ असली की उच्चार ‘व’सारखा होतो. टाइप करणाऱ्यानं ती रेघ खाल्ली, की भाषांतरात ‘व’ जाऊन ‘ल’ येतो. देवनागरीवरून परत रोमन करू नका, झेरॉक्सवरचं स्पेलिंगच घ्या. रेघेसकट आणि रेघेशिवाय, दोन्ही तऱ्हेनं शोधा.

दुसरं, स्मारक चुकलंय. रनीमीड मुख्यतः राष्ट्रकुलाच्या बेपत्ता हवाई सैनिकांसाठी आहे. पोलिश हवाई दल ब्रिटिशांच्या हुकमतीखाली लढलं, तरी दल स्वतंत्र होतं. त्यांचं स्मारक लंडनच्या पश्चिमेला नॉर्थोल्टला आहे, 1948 चं. तिथं जागेअभावी सगळी नावं बसली नव्हती, नव्वदच्या दशकात भर घातली. त्यामुळं जुन्या फोटोवरून ‘नाव नाही’ असा निष्कर्ष काढू नका.

आधी सेवाक्रमांक मिळवा. पोलिश हवाई दलाची ‘लिस्टा क्शिस्टका’ नावाची यादी इंटरनेटवर आहे, त्यात हुद्दा आणि क्रमांक दोन्ही मिळतात. अधिकाऱ्याच्या क्रमांकाआधी ‘पी’ असतो. बाकीच्यांचा सहा आकडी, 78, 79 किंवा 70 नं सुरू होणारा. एकाच नावाचे चार जण निघतात, तेव्हा क्रमांकच कामी येतो.

रात्रपाळी

क्रमांक मिळाला की स्क्वाड्रनची रोजनिशी. लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये (ब्रिटिश सरकारी दप्तरखाना) ‘एअर 27’ या मालिकेत ती आहे, इंग्रजीत. तिचे दोन फॉर्म : 540 म्हणजे दिवसाचा गोषवारा, 541 म्हणजे प्रत्येक विमानाचा हिशेब. तुम्हाला 541 हवा. त्यात विमानाचा नंबर, सगळ्या माणसांची नावं, उड्डाणाची वेळ. परतीची वेळ कोरी असेल, तर तेच तुमचं विमान. पोलिश भाषेतले कागद लंडनच्या सिकोर्स्की संस्थेत आहेत, त्यांना क्रमांकासकट लिहा.

इथं हमखास घोळ होतो तो तारखेचा. विमान रात्री अकराला उडालं आणि दीडला पडलं, तर रोजनिशीत आदली तारीख आणि थडग्यावर दुसरी. दोन्ही बरोबर. फलकावर ‘21-22 च्या रात्री’ अशा धर्तीवर लिहा.

आणखी एक. पोलिश बॉम्बरवर, विशेषतः सुरुवातीच्या वर्षांत, विमानाचा प्रमुख बऱ्याचदा वैमानिक नसून नॅव्हिगेटर असायचा. यादीत पहिलं नाव दिसलं म्हणून त्याला वैमानिक ठरवू नका. पत्रात ‘वैमानिक’ आहे तेही ताडून पाहा. घरचे लोक विमानात बसणाऱ्या कुणालाही वैमानिक म्हणायचे, आपल्याकडंही तसंच आहे.

रंकाळा_78

1941 मध्ये रशियाच्या कैदेतून सुटलेला माणूस 1944 मध्ये लँकेस्टर बॉम्बर चालवेल का? वळिवडेतले बहुतेक लोक तिकडूनच आले ना?

रात्रपाळी

बायकामुलं तिकडून आली. नवरा वेगळ्या वाटेनं गेलेला असू शकतो : सप्टेंबर 1939 मध्ये रुमानियामार्गे फ्रान्स, 1940 मध्ये ब्रिटन. अँडर्सच्या सैन्यातून (रशियात सुटलेल्या पोलिश लोकांचं सैन्य) 1942 मध्ये आलेला असेल आणि उडायला शिकण्यापासून सुरुवात असेल, तर वेळ फार कमी पडतो. आधीच शिकलेला असेल तर जमतं. 70 नं सुरू होणारे क्रमांक बहुधा नंतर भरती झालेल्यांचे, त्यावरून अंदाज येईल.

चार_इंजिन

विमानाबद्दल थोडं, कारण फलकावर वेलिंग्टनचा (जुन्या, दोन इंजिनांच्या बॉम्बरचा) फोटो लागण्याची दाट शक्यता आहे. 300 स्क्वाड्रन एप्रिल 1944 पासून इंग्लंडमधल्या फॉल्डिंगवर्थच्या तळाहून लँकेस्टर उडवत होतं. जून म्हणजे लँकेस्टरच. सात माणसं, वैमानिक एकच, शेजारी फ्लाइट इंजिनिअर. पंखांत 2,154 गॅलन, म्हणजे जवळपास 9,800 लिटर पेट्रोल. जर्मन रात्र-लढाऊ विमान खालून यायचं, वर तोंड केलेल्या तोफांनी पंखातल्या टाक्यांवर मारायचं. बहुतेक लँकेस्टरना पोटाखाली तोफमाळा (तोफ चालवणाऱ्याची बसायची जागा) नव्हता, त्यामुळं खालचं काही दिसायचं नाही.

उडी मारायचं मुख्य दार नाकात, बॉम्ब टाकणाऱ्याच्या पायाखाली : 22 बाय साडेसव्वीस इंच. हॅलिफॅक्स या दुसऱ्या बॉम्बरचं दोन इंच जास्त रुंद होतं. दोन इंच म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. पण अंगावर जाडजूड कपडे, छातीला पॅराशूट आणि गिरक्या घेणारं विमान, यात माणूस तिथंच अडकायचा. वैमानिकाचं पॅराशूट त्याच्या बुडाखाली, गादीसारखं. बाकीचे बाहेर पडेपर्यंत त्याला दांडा धरून विमान सरळ ठेवावं लागे. हात सोडला की विमान कलंडणार. वैमानिक शेवटी राहायचा तो यामुळं.

जुनी_दप्तरं

‘शहीद’बद्दल राहिलं. ‘बेपत्ता’ हा तेव्हाचा कार्यालयीन शब्द आहे. रेडक्रॉसकडून कैदेची खबर आली नाही, तर साधारण सहा महिन्यांनी मृत गृहीत धरत. तुमच्याकडं पहिलंच पत्र आहे. नंतर तो कैदेत जिवंत सापडलाही असेल. मृत्यूची नोंद मिळेपर्यंत ‘कामगिरीवरून परतला नाही’ एवढंच ठेवा. थडगं सापडलं तर शेजारचे दगडही बघा. एकाला एक चिकटून उभे असतील, तर सामुदायिक दफन असण्याची शक्यता मोठी.

बावडेकर_क

झेरॉक्स भिंगाखाली धरली. कोपऱ्यात शाईनं ‘पी’ आणि चार आकडे आहेत, तिसरा पुसट. 3 किंवा 8. दोन्ही घालून बघतो. वेलिंग्टनचा फोटो खरंच छापायला दिला होता, थांबवला.